परसातली कांब

उपेंद्रअण्णांच्या घरातला रेडिओ आधी घुमायचा आणि मग बोलायचा. बटण फिरवलं की आतले दिवे हळूहळू तापत आणि डबीत भुंगा कोंडावा तशी घूंऽऽ सुरू होई. ती काही थांबत नसे. बातम्या सांगणारा माणूस त्या घुमण्यापलीकडून, भिंतीआडून बोलल्यासारखा बोले. अण्णा वैतागत, त्यांची बायको नीला हसे. त्यांच्याकडं धुण्याभांड्याला असलेली रुक्माबाई मात्र राखेचा हात तसाच ठेवून दाराशी उभी राही, आणि तिच्या छातीत धडधडायला लागे.

रुक्माबाई खानापूरच्या पल्याडची, कणकुंबीच्या वाटेवरच्या रानातली. नवरा हिवतापानं गेला तेव्हा शामू अंगावर पीत होता. हिरडे वेचून, शिकेकाई विकून, दुसऱ्याच्या भातात वाकून तिनं त्या पोराला वाढवलं. पोरगा दांडगा निघाला आणि एक दिवस कुणाला न विचारता मराठा पलटणीत भरती होऊन आला. लढाई लागली, पलटण बोटीवर चढली, शामू मलायाकडं गेला. रुक्माबाईनं घराला कडी घातली आणि बेळगावला धाकट्या बहिणीकडं, बाळाबाईकडं आली. बाळाबाई रेल्वेच्या पलीकडं शेतवडीत राहायची. "पलटणीचं गाव हाय हे," रुक्माबाई म्हणायची, "खबर आली तर आदी हितंच ईल."

खबर आली ती एकाच शब्दाची. सिंगापूर पडल्यावर काही महिन्यांनी कँपातल्या हपिसात तिला बोलावून सांगितलं, "बेपत्ता." मेला न्हाय का? न्हाय, बेपत्ता. मग जिता हाय का? समोरच्या माणसानं नुसते हात उघडून दाखवले. त्या दिवसापासनं रुक्माबाईचं जेवण गेलं. घास तोंडात फिरत राही. रस्त्यानं टपालवाला दिसला की हातातलं काम टाकून ती दारात येई, आणि तो पुढं निघून गेला तरी तिथंच उभी राही.

ठळकवाडीत उपेंद्रअण्णांकडं तिला काम मिळालं ते त्याच पावसाळ्यात. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घरात ते, नीलावैनी आणि वीज नवीन आली तेव्हा हौसेनं घेतलेला रेडिओ. एकदा सांजच्या दिव्याला अण्णा नीलाला म्हणाले, "शत्रूच्या स्टेशनवरून पकडलेल्या शिपायांची नावं वाचतात म्हणे. हिंदुस्थानीत. नाव, नंबर, गाव."

मोरीत बसलेली रुक्माबाई तांब्या तसाच टाकून उठली.

"आण्णा," ती उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "माज्या शामूचं नाव ईल व्हय त्यात?"

अण्णा घाबरट माणूस. सरकारी नोकरी, आणि शत्रूचं स्टेशन. चार माणसांना जमवून ऐकवलं तर पोलीस दारात येतील, असं जो तो म्हणायचा. त्यांनी खिडकीकडं बघितलं, नीलाकडं बघितलं. नीला म्हणाली, "खिडकी लावून घ्या. घरातलीच तर माणसं आहेत."

तेव्हापासनं सांजेला खिडकी लागायची. आवाज इतका बारीक ठेवायचे की तिघांना रेडिओच्या पेटीच्या कापडाला कान लावावा लागे. आणि तिथंच ती घूं आडवी यायची. लांबच्या स्टेशनचा आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. 'सिपाही' एवढं ऐकू यायचं आणि पुढचं नाव घुमण्यात बुडून जायचं. कुणाचं नाव होतं? रामूचं? शामूचं? रुक्माबाई अण्णांच्या तोंडाकडं बघायची आणि अण्णा मान हलवायचे. घरी जाताना सगळी वाट ती तो बुडालेला आवाज पुन्हा पुन्हा आठवून बघायची. कधी वाटे, शामूच होतं. कधी वाटे, आपलंच मन खेळतंय.

दुकानदारानं अण्णांना सांगितलं, पेटीला अर्थिंग द्या, घुमणं कमी होईल. पेटीच्या मागं त्यासाठी एक स्क्रू होता. अण्णांनी त्याला तार बांधली, खिडकीच्या चौकटीतून परसात काढली, आणि धुण्याच्या दगडाशेजारी एक लोखंडी कांब ठोकून तिला गुंडाळली. पाऊस नुकताच सरला होता. माती लोण्यासारखी मऊ, कांब चार घावांत आत गेली. त्या सांजेला पेटी लावली तर घूं पार तळाशी गेलेली! रुक्माबाईला नावंच्या नावं ऐकू आली. शामू नव्हता त्यात, पण नावं ऐकू आली. तिनं परसात जाऊन त्या कांबेला हात जोडले. नीला तिला हसली नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. ऊन तापायला लागलं तसं घुमणं पुन्हा वर आलं. अण्णा म्हणाले, "माती वाळली. रुक्माबाई, रोज सांजेला रेडिओ लागायच्या आधी त्या कांबेच्या मुळाशी दोन बादल्या ओतत जा."

हे काम रुक्माबाईनं देवाच्या पूजेसारखं धरलं. विहिरीचं पाणी खोल गेलं तरी ती ओढून काढी. पाणी मुरलं की घूं उतरे, आणि ती पदरानं तोंड पुसून कापडाला कान लावायला येई.

होळीच्या सुमाराला पहिल्यांदा तिच्या बोटांना मुंग्या आल्या. पेटी अण्णांनी आधीच तापत ठेवली होती आणि ती पाणी ओतत होती. बादलीची कड कांबेला लागली आणि हाताला बारीक झिणझिण्या आल्या. तिला वाटलं, अशक्तपणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग तिनं मुद्दाम कांबेला बोट लावून बघितलं आणि चटकन मागं घेतलं. तारेतनं काहीतरी येत होतं, एवढं तिला कळलं.

सांगावं का? वैनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं तर अण्णा काय करतील हे तिला पक्कं ठाऊक होतं. खिडकी वाजली तरी दचकणारा माणूस तो. पेटी बंद करेल, तार काढून टाकेल. आणि नेमकं त्याच सांजेला तिकडं कुणीतरी शामूचं नाव वाचेल.

ती गप्प बसली. बादली लांब धरून ओतायला लागली. पेटी तापायच्या आत पाणी घालून मोकळी व्हायला लागली. वैनी सांजेच्या परसात आल्या की ती पुढं होऊन बादली ओढून घ्यायची. "तुमी व्हा आत, मी करते," म्हणून त्यांना हाकलायची. मनाला म्हणायची, आपण सांभाळून हाय, कुणाला काय होनार न्हाय. पण ते सांभाळणं तिला झोपू देत नव्हतं.

चैत्रात एका सांजेला तिचा ओला पाय घसरला आणि हात कांबेवर पडला. कुणी खांद्यापासून हात पिरगाळून ओढावा तसं झालं. ती मागं दगडावर आपटली. आतून अण्णांची हाक आली, "रुक्माबाई, लागलंय स्टेशन!" ती उठली, पदर नीट केला आणि आत गेली. कोपराला खरचटलं होतं ते कुणी बघितलं नाही. त्या दिवशीही शामू नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. दात वाजायला लागले. बाळाबाईनं वाकळ घातली आणि म्हणाली, "आक्का, आज कामावर जायाचं न्हाय. मी सांगून येते वैनीस्नी."

"सांग," रुक्माबाई ग्लानीतच म्हणाली. "आनि म्हनावं, सांजचं पानी तेवडं घालाय इसरू नका. न्हायतर नाव ऐकू यायचं न्हाय."

बाळाबाई जाऊन आली. दुपारभर रुक्माबाई तापात पडून होती. उन्हं कलली तसा घाम फुटला, डोकं जरा हलकं झालं, आणि मग एकदम तिला उमगलं की आपण काय सांगून पाठवलं. वैनी. अनवाणी. ओला दगड, लोखंडी बादली. आणि त्या तर पेटी लावूनच परसात जातील, त्यांना काय ठाऊक!

"बाळे, मी आले गं," एवढंच म्हणून ती निघाली. बाळाबाई मागनं ओरडत राहिली. शेताच्या बांधावरनं रुक्माबाई धावत सुटली. श्वास पुरेना. तोंडानं ती शामूचं नाव घेत नव्हती. वैनी, वैनी, एवढंच चाललं होतं.

रेल्वेचं गेट पडलं होतं. खानापूरकडनं गाडी येत होती. ती वाकून आत शिरायला गेली तर गेटमन कानडीत थांब म्हणून ओरडत अंगावर धावून आला, "ए अव्वा, निल्ल! गाडी बरतैति!" आणि त्यानं तिचा दंड धरला. "सोड रं, बाई मरंल तिकडं!" ती ओरडली. त्याला मराठी कळत होतं, पण त्यानं काही सोडलं नाही. मालगाडी होती. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. रुक्माबाई त्या चाकांकडं बघत उभी राहिली आणि तिला वाटलं, आपणच मारलं तिला.

गाडी सरली. ती परसाच्या बाजूनंच आत घुसली.

नीला धुण्याच्या दगडाला टेकून जमिनीवर बसली होती. उजवा हात डाव्या हातानं छातीशी आवळून धरलेला. बादली लवंडलेली, पाणी सगळीकडं. चेहरा पांढराफटक. घरातून रेडिओचा आवाज येत होता.

"वैनी!"

"मला कुणीतरी ढकललं," नीला म्हणाली. "कांबेनं ढकललं मला."

रुक्माबाई ओल्यातून पुढं जाईना. तिथूनच ती ओरडली, "आण्णा! पेटी बंद करा! आदी पेटी बंद करा!" आवाज थांबला तेव्हा तिनं नीलाला काखेत हात घालून उचललं आणि कोरड्यात ओढलं. अण्णा बाहेर आले, बायकोला बघून जागच्या जागी थिजले.

पाणी पिऊन झाल्यावर नीला हळूच म्हणाली, "तुम्ही आल्या आल्या पेटी बंद करा म्हणालात. तुम्हाला माहीत होतं, रुक्माबाई?"

"व्हय."

"कधीपासून?"

"शिमग्यापासनं." रुक्माबाईला रडू आलं नाही. रडायचा हक्कही नाही असं तिला वाटलं. "बोलले असते तर पेटी बंद झाली असती, वैनी. मग त्याचं नाव कुनी ऐकलं असतं?"

नीला उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाही रुक्माबाई कामावर आली. कामावरून काढतील ही धास्ती होतीच, पण त्याहून मोठी धास्ती वैनीच्या तोंडाकडं बघायची होती. नीला एक अक्षर बोलली नाही. भांडी पुढं सरकवली आणि गेली.

शेजारचे रघुवीरराव वीज कंपनीत होते. अण्णांनी त्यांना बोलावलं. त्यांनी पेटी पुन्हा लावायला सांगितली, एका दिव्याला दोन तारा जोडल्या, एक पेटीच्या पत्र्याला लावली आणि दुसरी विहिरीत उतरलेल्या लोखंडी नळाला. दिवा पेटला. अण्णा दोन पावलं मागं सरले.

"आत वीज अडवून धरणारा एक कंडेन्सर असतो, तो खराब झालाय," रघुवीरराव म्हणाले. "त्यातून वीज पत्र्यावर येते, पत्र्यावरून तारेनं कांबेत. पण कांबेखाली वीतभर मातीनंतर नुसता मुरूम. वीज पुढं जाणार कुठं? जो हात लावेल त्याच्यातून जाते."

"पण आम्ही रोज पाणी घालत होतो."

"वरची माती भिजत होती, अण्णा. त्यानं कांबेची वीज आजूबाजूला पसरत होती एवढंच. पाणी घालणारा माणूस बरोबर तिच्यात उभा."

अण्णा खाली बसले. "घुमणं थांबलं म्हणजे सगळं नीट झालं असं मी धरून चाललो."

"मीसुद्धा तेच धरलं असतं," रघुवीरराव म्हणाले. "आमच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अशीच कांब ठोकलेली दोन घरं आहेत, उद्या तिथंही बघतो."

त्यांनी तो कंडेन्सर कापून काढला. लढाईच्या दिवसांत दुसरा कुठला मिळतोय! तार काढली, कांब उपटून टाकली. पेटी लावून बघितली तर घूं अशी उसळली की माणसाचा आवाजच कळेना. रुक्माबाई दाराशी उभी होती. तिनं कानावर हात ठेवले आणि लगेच खाली घेतले. आता तिला मागायला तोंड नव्हतं.

अण्णा म्हणाले, "राहू दे. आता हा रेडिओच नको."

"खड्डा करून अर्थिंग केलं तर कमी होईल," रघुवीरराव म्हणाले. "पुरुषभर खोल, विहिरीच्या कडेला, जिथं बारा महिने ओल असते. आता पेटीत गळती नाही. उद्या परत झाली तर खड्डा वीज ओढून घेईल आणि फ्यूज उडेल. मग माणसाला धोका नाही. पण तांब्याचा पत्रा पाहिजे, आणि तो आता बाजारात नाही."

मग आत भांड्यांचा आवाज झाला आणि नीला बाहेर आली. तिच्या हातात तळाला चेपलेलं एक जुनं तांब्याचं घंगाळ होतं. ते तिनं अण्णांपुढं ठेवलं.

"हे कापा," ती म्हणाली. आणि रुक्माबाईकडं न बघता, "खणायला कोण आहे?"

"मी हाय," रुक्माबाई म्हणाली.

खड्डा तिनं आणि अण्णांनी मिळून खणला. अण्णांच्या हाताला पहिल्याच सकाळी फोड आले, ती मात्र रानातली बाई. खाली काळी ओली माती लागली तेव्हा रघुवीररावांनी थांबवलं. घंगाळाचा पत्रा उभा ठेवला, भोवती लोणारी कोळसा आणि मीठ थरावर थर दाबलं. वर येणारी तार बांबूच्या नळीतून भिंतीपर्यंत नेली, कुणाचा हात लागू नये म्हणून. वीज येते तिथं फ्यूज बसवला. दिव्यानं पुन्हा तपासलं, दिवा पेटला नाही. तरी रुक्माबाईचं समाधान होईना. "मी हात लावून बगते," ती म्हणाली. रघुवीरराव नको म्हणेपर्यंत तिनं पेटीच्या पत्र्यावर ओला तळहात ठेवला होता. डोळे मिटलेले, सगळं अंग ताठ. काही झालं नाही. गार पत्रा, बस्.

नीला तिच्या मागं उभी होती. "आता व्हा बाजूला," ती म्हणाली, "चहा गार होतोय." तेवढ्या बोलण्यानं रुक्माबाईला हुंदका आला.

घूं पूर्वीसारखी तळाला गेली नाही. दुसऱ्या खोलीत माशी असावी एवढी ती कायम राहिली. पण नावं कळत होती.

श्रावणात एका सांजेला आवाज आला, "सिपाही रवळू", आणि पुढं बापाचं नाव, आणि खानापूरजवळचं गाव. रुक्माबाईनं नीलाचा हात घट्ट धरला. रवळू तिच्याच गावचा, शामूबरोबर एकाच दिवशी भरती झालेला. तिनं श्वास रोखून पुढचं नाव ऐकलं. ते कुणा पंजाब्याचं होतं. त्याच्या पुढचंही शामूचं नव्हतं. मग गाणं लागलं.

दुसऱ्याच दिवशी भर पावसात ती गावाकडं गेली, कशाबशा मिळालेल्या बैलगाडीनं. रवळूची आई मालुबाई चुलीपुढं बसली होती. "तुजा रवळू जिता हाय," रुक्माबाईनं सांगितलं. मालुबाई तिच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता थांबून म्हणाली, "आनि शामू?" रुक्माबाई म्हणाली, "त्याचं बी ईल." येताना सगळ्या वाटेनं तिच्या मनात मत्सर होता, आणि त्या मत्सराची लाज होती.

शामूचं नाव कधीच आलं नाही. पुढच्या वर्षी ते स्टेशनच लागेनासं झालं. लढाई थांबली त्या सालच्या थंडीत, एका सकाळी, बाळाबाईच्या दारात एक काठीसारखा माणूस उभा राहिला. पुढचे दात नव्हते. "आई," तो म्हणाला. रुक्माबाईनं आधी त्याच्या मागं बघितलं, हा कुणाचा निरोप घेऊन आलाय म्हणून. मग ओळखलं.

त्याला आंघोळ घालून, पेज पाजून झाल्यावर तिनं विचारलं, "रवळू?"

शामूनं मान हलवली. "गेला. गेल्या वर्सी. हागवन लागली, आई. मी हुतो जवळ."

त्या आनंदाच्या दिवशी रुक्माबाईचं काळीज पुन्हा तसंच धडधडायला लागलं. मालुबाईला जिता हाय म्हणून सांगून आलेली तीच. आता कुठल्या तोंडानं जायचं? शामू म्हणाला, मी एकटा जातो. ती म्हणाली, न्हाय.

दोघं गेली. मालुबाईला हपिसातून कळवलेलं होतं आधीच. ती ओट्यावर बसली होती. शामूला बघून उठली, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, त्याच्या पडलेल्या दातांच्या जागी बोट लावलं. रुक्माबाई अंगणातच उभी राहिली होती.

"तितं का हुबी ऱ्हाइलीस गं?" मालुबाई म्हणाली.

"मी तुला खोटं सांगून गेलते."

"खोटं कुटलं? तवा हुताच की जिता." मालुबाईनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "तू सांगून गेलीस आनि मी रातीची झोपाय लागले. तुला तेवडी बी झोप मिळाली न्हाय तवा."

मग ती शामूला म्हणाली, "बस बाबा. काय खाल्लं त्यानं शेवटाला, ते सांग."

शामू सांगत राहिला. रुक्माबाई चुलीकडं गेली, लाकडं पुढं सारली आणि तिघांचं पीठ मळायला घेतलं.